गावठी, नर, रंग तांबूस

टिकल्याचं वजन जिनिंगच्या काट्यावर केलं.
काटेवाला म्हणाला, उभा नाई राहत ना जी हा,
कापसाच्या अख्ख्या गाडीपेक्षा याचाच तरास.
शेवटी प्रफुल त्याला छातीशी धरून चढला,
मग एकटा चढला,
आणि वजाबाकी पावतीमागे लिहून आणली:
एकोणीस किलो. घट धरली नाही.

दाखला जनावरांच्या डॉक्टरांनी दिला.
जात? गावठी.
रंग? तांबूस. म्हणजे तसा मातकटच.
ओळखीची खूण?
ईशू म्हणाली, त्याला फटफटी आवडत नाही.
डॉक्टरांनी लिहिलं, उजवा कान किंचित फाटलेला.

हिंगणघाटहून नागपूर, नागपूरहून हावडा,
हावड्यापुढे अजून एक रात्र आणि अर्धा दिवस.
विजेच्या तारा जिथवर जातात तिथवर प्रफुलची बदली जाते,
या वेळी आसामात गेली.
गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी लोखंडी कप्पा असतो म्हणे,
मोठ्या स्टेशनावर धावत जाऊन पाणी पाजायचं.
वाटेत हा कुणाकुणावर भुंकेल,
त्या सगळ्यांची मी आधीच माफी मागून ठेवली आहे.

खोक्यांवर स्केचपेननं लिहीत गेले.
डबे. पुस्तकं. स्वेटर, एवढेसेच.
पाटा नको, म्हणतो प्रफुल.
तिकडे मिक्सर चालतो का? चालतो.
तिकडे जवस मिळतो का? ते बघू.
पाटा मी 'पुस्तकं'मध्ये तळाशी ठेवला,
वर ईशूचे नकाशे.

बुचकीचं काय, हे मात्र ठरेना.
ती व्याली घरमालकांच्या कापसाच्या खोलीत,
चार पिल्लं, पांढऱ्यात पांढरी.
गाडी भरायला माणसं आली तेव्हा
बाया वेचतात तशी एकेक वेचून काढावी लागली.
तेव्हापासून 'भांडी' लिहिलेल्या खोक्यात पिल्लं
आणि भांडी अजून फळीवर.

दोन रात्री बोललो.
टोपलीत न्यायची की पिशवीत.
सगळी न्यायची की एक, आणि एक तर कोणतं.
ईशूनं त्यांना नावं ठेवली नव्हती, मुद्दाम.
नाव ठेवलं की न्यावं लागतं,
असा तिचा हिशोब.

मंगळवारी पहाटे खोकं रिकामं.
शेवटचं पिल्लू मानेला धरून
बुचकी भिंतीवरून चालली होती
आमच्याकडे न बघता,
पलीकडे, वनमालाकाकूंच्या कुटाराच्या खोलीकडे.
मांजर पिल्लांना सात घरं फिरवते.
आमचं कितवं होतं, तिलाच ठाऊक.
ना दाखला, ना काटा,
आणि आमच्या आधी चार दिवस तिचं बिऱ्हाड हललं.

मी काकूंकडे गेले. काहीतरी रीतसर बोलावं म्हणून म्हटलं,
काकू, बुचकी तुम्हाला देऊन जाते हं.
त्या तूर पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.
मांजर कोणी देत नसते, माय. ते राह्यते.
मग सुपातले खडे वेचता वेचता,
तुमी सुखानं जा.
आन कुत्र्याखाली तिकडं पोतं टाकजा,
थंडी असंल.

आता रात्र. गाडी पाचला येणार.
टिकल्या गादीच्या वळकटीवर झोपला आहे,
दोरीच्या गाठीवर हनुवटी.
ईशू त्याच्या फाटक्या कानात सांगते आहे
तिकडची नदी केवढी मोठी,
या काठाचं भुंकणं त्या काठाला ऐकूच जात नाही.
त्यानं कान झटकला. पटलं नसावं.

भिंतीवर बुचकी येऊन बसली होती मघाशी.
बराच वेळ.
दुधाची वाटी भरू की नको, या विचारात मी असतानाच
उठून गेली.

टिकल्याच्या शेपटीला काट्यावरचा कापूस
अजून चिकटलेला, बोटभर.
काढायला गेले आणि हात मागे घेतला.
राहू दे.
एकोणीस किलोत तो धरलेला आहे.